लाइनीवरचा चहा

केसांना रंग लावून, डोक्यावर चांदीच्या कागदाच्या घड्या घेऊन अट्रॅक्टा गिंटी बसली होती, म्हणून तिला उठून जाता आलं नाही. नाहीतर ती नक्की उठली असती. शेजारच्या खुर्चीतली बाई ओळख ना पाळख, पण स्वतःचा फोन अट्रॅक्टाच्या नाकासमोर धरून आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या मेयोतल्या सुट्टीचे फोटो दाखवत होती. डब्लिनची माणसं चार दिवस पश्चिमेला जाऊन आली, की समुद्र आपणच शोधून काढल्यासारखी बोलतात. अट्रॅक्टा तिकडचीच होती, पण तिने ते सांगितलं नाही. छान, वा, सुंदर, असं म्हणत राहिली. "आणि हा बघा, हा म्हातारा!" बाई म्हणाली. "इतका गोड माणूस! जुन्या रेल्वेच्या वाटेवर सायकली चालतात ना आता, तिथे फाटकापाशी बसलेला असतो. येईल त्या सायकलवाल्याला चहा पाजतो. आमच्या ह्यांनी पाकीट काढलं, तर म्हणाला, आत ठेवा ते, नाहीतर कुत्रं सोडीन अंगावर. आणि कुत्रं केवढं, तर एवढंसं!" फोटोत जार्लथ होता. अट्रॅक्टाचा भाऊ. केस पार विरळ झालेले, स्वेटरचं कोपर उसवलेलं, आणि हातातला कप पुढे केलेला, फोटो काढणाऱ्याकडे, म्हणजे ह्या बाईकडे. चेहऱ्यावर हसू. ते हसू अट्रॅक्टाने पाव शतकात पाहिलं नव्हतं. म्हातारा, असं ती बाई म्हणाली होती. जार्लथ अट्रॅक्टापेक्षा दोन वर्षांनी लहान होता.

"खूप छान," अट्रॅक्टा म्हणाली. मग केस धुणारी मुलगी आली, तिने तिला मागे झोपवलं, आणि गरम पाणी कपाळावरून कानांमागे जाऊ लागलं तेव्हा अट्रॅक्टाने डोळे घट्ट मिटून घेतले. पाणी फार गरम आहे का, असं मुलीने विचारलं. नाही गं, अगदी बरोबर आहे, ती म्हणाली. होतं फारच गरम. पण तिला भाजत होतं ते पाण्याने नव्हे. अख्ख्या दुनियेला चहा पाजतो हा. हॉलंडच्या, जर्मनीच्या, डब्लिनच्या रिकामटेकड्या बायकांना. आणि सख्ख्या बहिणीने त्या घरातला चहाचा घोट शेवटचा घेतला तेव्हा वडील हयात होते. घरी येऊन तिने केटल लावली, आणि पाणी उकळून केटल आपली आपण बंद पडली तरी ती कोट न काढता स्वयंपाकघरात उभी होती. मग तिने शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलं. सायकल चालवायला जातेय, असं स्वतःलाच सांगितलं. सगळे जातात, आपणही एकदा बघून यावं. सायकलींच्या वाटेवर पुढे, मलरॅनीला, रात्रीपुरती खोली घेतली. वाटेत घर लागतं त्याला ती काय करणार? रेल्वेच तशी गेली होती, घराच्या मागच्या अंगणाला जवळजवळ घासून.

गाडीतून ती उतरली त्या वेस्टपोर्टला सायकली भाड्याने देणाऱ्या दुकानात बोझेना नावाची पोलिश बाई होती, धिप्पाड, हसतमुख, बाह्या वर सारलेली. तिने आभाळाकडे पाहिलं, मग अट्रॅक्टाकडे पाहिलं. "वारा समोरून आहे. तुम्ही विजेची घ्या. पायाला त्रास नाही." अट्रॅक्टाला विजेचीच हवी होती. गाडीत बसल्यापासून ती त्याचाच विचार करत होती. आणि तिच्या तोंडून निघालं, "छे छे, कशाला? साधी पुरे मला." बोझेनाने मान डोलावली, साधी सायकल काढली, बसायची उंची नीट करून दिली, शिरस्त्राण डोक्यावर घालून हनुवटीखाली पट्टा बांधला आणि म्हणाली, "मजा करा!" झालं. अट्रॅक्टा क्षणभर तिथेच हँडल धरून उभी राहिली. आमच्याकडे पहिला नकार हा नकार नसतोच, ते नुसतं घसा साफ करणं असतं. दुसरा नकार म्हणजे समोरचा मनापासून विचारतोय की तोंडदेखलं, ते चाचपून बघणं. तिसऱ्यांदा विचारलं की मग, आता तुम्ही टाकलाच असेल तर अर्धा कप, असं म्हणायचं आणि तीन कप प्यायचे. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा माणूस एकतर हावरट, नाहीतर इंग्रज. हे कोणी कोणाला शिकवत नाही, आईच्या दुधाबरोबर येतं. पण ते क्राकोवहून आलेल्या बोझेनाला कुठून कळणार? अट्रॅक्टाला तिचा राग नाही आला. स्वतःचं हसू आलं, आणि पहिल्या चढावर हसूही आटोपलं.

वारा खरोखरच समोरून होता. समुद्रावरून येऊन थेट छातीवर हात ठेवून मागे लोटणारा. जुनी रेल्वेची वाट असल्याने खडा चढ कुठे नाही, इंजिनाला झेपेल एवढाच. पण इंजिनाला झेपणारा चढ चौसष्टीच्या बाईला झेपतोच असं नाही. दोन्हीकडे कातळ कापून काढलेली खिंड, त्यातून ओलं शेवाळ, मग अचानक दोन्ही बाजू खाली पडायच्या आणि ती बांधावर यायची, शेतांच्या वर, मेंढ्यांच्या पाठी दिसतील अशी. मेंढ्यांच्या अंगावर निळे, लाल रंगाचे पट्टे. लाल पट्टा कोणाचा आणि निळा कोणाचा हे एके काळी तिला तोंडपाठ होतं. वाट नवीन होती, बारीक खडी दाबून गुळगुळीत केलेली. पण तिची वळणं मांड्यांनी ओळखली. लहानपणी ह्याला सगळे लाइन म्हणायचे. लाइनीवर गुरं गेली, लाइनीवर काळी बेरी पिकलीत. रूळ तिच्या जन्माच्या कितीतरी आधी उखडून नेलेले, जमीन ज्याची त्याच्याकडे परत आलेली, तरी नाव लाइनच. वडिलांनी लहानपणी शेवटची गाडी जाताना पाहिली होती आणि ते तिचा आवाज काढून दाखवत, जेवणाच्या टेबलाशी, तोंडात बटाटा असला तरी. जार्लथ हसून हसून खुर्चीवरून पडायचा. तो पडला की अट्रॅक्टाने त्याला उचलायचं, असा रिवाज. किती जड होता, गुबगुबीत. शाळेत जाताना तो हिचा हात सोडायचा नाही, आणि मोठी मुलं दिसली की मात्र झटकन सोडायचा. मोठी मुलं गेली की परत धरायचा. त्याच्या हाताला कायम लोण्याचा वास. हे आठवलं आणि तिने पायंडल मारणं थांबवलं. सायकल वाऱ्याने जागच्या जागी उभी केली.

न्यूपोर्टला लाल दगडी कमानींच्या पुलाखालच्या बाकावर बसून तिने मनुकांचा पाव खाल्ला. पाय थरथरत होते. समोर नदी, भरतीचं पाणी आत येत होतं, आणि नदीपलीकडे ते चर्च, जिथे दोन वर्षांपूर्वी ती रांगेत उभी होती. जार्लथची बायको गेली तेव्हा. हेदर, इंग्लंडातल्या यॉर्कशरची, उंच, लालसर गालांची, मोठ्याने बोलणारी. अंत्यविधीला न जाणं हे आमच्याकडे कोणाला सुचतही नाही. वैर असलं तरी माणूस जातं, वैर असलं तर आधी जातं. अट्रॅक्टा पहाटे गाडी काढून डब्लिनहून आली होती आणि घरच्या माणसांत न बसता मागच्या ओळीत बसली होती. मग सगळ्या गावाबरोबर रांगेतून पुढे गेली. तिच्या पुढे टपालवाला होता, मागे एक कोणी मेंढ्यांचा दलाल. जार्लथचा हात हातात आला, कोरडा, मोठा, लोण्याचा वास नसलेला. "फार वाईट झालं, जार्लथ." टपालवाल्याने जे म्हटलं तेच. "आलीस, बरं वाटलं," तो म्हणाला. टपालवाल्याला जे म्हणाला तेच. मग जरा थांबून, "हॉटेलात जेवायला सगळे चाललेत. येशील ना?" आणि ती म्हणाली, "नको रे, लांबचा रस्ता आहे." मेंढ्यांचा दलाल पुढे सरकला. ती पायऱ्यांवर थांबली होती. हातमोजे घालायला तिने जेवढा वेळ लावला तेवढ्यात माणसाचा स्वेटर विणून होईल. आतून कोणी आलं नाही. मग ती लांबच्या रस्त्याला लागली, पोटात सकाळपासून काही नव्हतं, आणि वाटेत एका पेट्रोल पंपावर थंड सँडविच खाताना ती रडली, हेदरसाठी नव्हे. हे आठवून आज तिला हेदरच्या बाबतीत पहिल्यांदाच स्वतःची शरम वाटली.

कारण हेदरचं आणि तिचं भांडण कधी झालंच नव्हतं. वडिलांच्या शेवटच्या नाताळात सगळे टेबलाशी होते. वडिलांना धाप लागायची तेव्हा, पण जेवण व्यवस्थित झालं होतं. चुलीत दलदलीतून कापून वाळवलेली काळी ढेकळं जळत होती, आमच्याकडचं सरपण तेच. त्या धुराचा वास अजूनही कुठे आला की अट्रॅक्टाला आपण नऊ वर्षांच्या आहोत असं वाटतं. वडील ताटाकडे बघत म्हणाले, "लाइनीच्या वरच्या अंगाचा तुकडा आहे ना, अट्रॅक्टा, घर बांधण्याजोगा, तो तुझा. तुला हवा असला तर." हवा असला तर! त्या तुकड्यावरून अख्खा उपसागर दिसतो, बेटंच बेटं, आणि पलीकडे पॅट्रिकचा डोंगर. डब्लिनच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये रात्री झोप लागेना तेव्हा ती त्या तुकड्यावर मनातल्या मनात घर बांधायची. खिडकी कुठे, दार कुठे. दाराचा रंगसुद्धा ठरला होता. लग्न झालं नाही, आता होणारही नव्हतं, पण परत यायचं हे पक्कं होतं. ती जागा तिला इतकी हवी होती, की ती म्हणाली, "छे, डॅडी, मला काय करायचीय जागा? जार्लथलाच राहू द्या, त्याचा संसार सुरू झालाय." बरोबर म्हणाली. असंच म्हणतात. आता वडील म्हणणार होते, संसार सुरू झालाय तर होऊ दे, तुझी जागा तुझी. त्यांनी तोंड उघडलंही होतं. आणि हेदर उठली, हात एकमेकांवर झटकले आणि म्हणाली, "चला, म्हणजे तो प्रश्न मिटला! चहा कोणाकोणाला?" टेबलाशी कोणी काही बोललं नाही. वडिलांनी तोंड मिटलं. जार्लथने खाली पाहिलं. आणि फेब्रुवारीत वडील गेले, ते तोंड परत न उघडताच.

न्यूपोर्टच्या पुढे झाडं संपतात. दलदल सुरू होते, तपकिरी, सपाट, मधूनमधून पाण्याचे काळे डोळे, आणि वाऱ्याला अडवायला काहीसुद्धा नाही. अट्रॅक्टाने हँडलवर वाकून डोकं खाली घातलं. एक जोडपं विजेच्या सायकलींवरून सुळकन पुढे गेलं, दोघांची पिवळी जाकिटं सारखी, बाईने हात केला. जा, जा, अट्रॅक्टा मनात म्हणाली, पुढे चहा मिळेल तुम्हाला. काय बोलायचं ते तिने गाडीत पाठ केलं होतं. आधी थंडपणे, अगदी सभ्य, "कसा आहेस?" मग तो गडबडेल. तो आत चल म्हणेल. ती नको म्हणेल. तो परत म्हणेल. हे सगळं व्हायला हवं होतं, क्रमाने. त्यातली एकही पायरी तिला सोडायची नव्हती. त्याने दुसऱ्यांदा विचारावं, एवढ्यासाठी ती ह्या वयात हा वारा अंगावर घेत होती. आणि नाही विचारलं तर? नाही विचारलं, तर मग खरंच काही उरलं नाही. मग त्या घराशी आपला संबंध लाइनीएवढाच, नाव आहे पण गाडी नाही. तेवढ्यात धुराचा वास आला, दलदलीच्या ढेकळांचा, ह्या उन्हाळ्यात, भर दुपारी, आणि वळणावर फाटक दिसलं.

फाटकापाशी पाठ टेकायची जुनी खुर्ची, लाकडी टेबल, त्यावर थर्मास, कप, बिस्किटांचा डबा. टेबलाखाली कुत्रं, एवढंसंच. पिवळी जाकिटं नुकतीच निघाली होती. जार्लथ त्यांचे कप पाण्याच्या बादलीत विसळत होता. अट्रॅक्टा सायकलवरून उतरली. शिरस्त्राण, वाऱ्यासाठी घातलेला काळा चष्मा, हनुवटीपर्यंत बंद केलेलं जाकीट. तिला वाटलं चष्मा काढावा, आणि हात काही वर गेला नाही. पाठ केलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे. त्याने वर पाहिलं. त्याचे डोळे वडिलांसारखे झाले होते, कडांना ओले. "वारा मरणाचा आहे आज," तो म्हणाला. "चहा घेणार?" त्याच्या हातात रिकामा कप होता, ओला. आणि ती म्हणाली, जशी बोझेनाला म्हणाली, जशी आयुष्यभर सगळ्यांना म्हणाली, "छे छे, नको. कशाला उगाच. मला पुढे जायचंय."

"बरं तर," जार्लथ म्हणाला. त्याने कप टेबलावर ठेवला, पुढे होऊन फाटक उघडून धरलं. "सांभाळून जा."

ती फाटकातून गेली. काय करणार, फाटक उघडून धरलं होतं. सायकलवर बसली आणि पायंडलं मारू लागली, आणि फाटक मागे बंद झाल्याचा खट्ट आवाज तिच्या पाठीत बसला. उजवीकडे वर तो तुकडा आला, घर बांधण्याजोगा. त्यावर मेंढ्या होत्या. तिने बघितलं आणि बघितलं नाही. रागाने तिच्या कानांतून वाफा निघत होत्या. जर्मनांना बोलावून बोलावून पाजतो आणि मला एकदा, एकदा विचारून फाटक उघडतो! ओळखलं नाही म्हणावं तर त्याहून वाईट. सख्खी बहीण, दोन हातांवर, आणि ओळखत नाही! असाच आहे, पहिल्यापासून असाच आहे. त्या दिवशी टेबलाशी खाली बघत बसला, हॉटेलात चल म्हणाला आणि दलालाचा हात धरला. कोणी परत विचारतच नाही. बोझेनाने तरी कुठे विचारलं? आणि इथे अट्रॅक्टाचं पायंडल चुकलं. बोझेनाचा तिला राग नव्हता आला. बोझेनाने विचारलं, हिने नको म्हटलं, तिने साधी सायकल काढून दिली, शिरस्त्राणाचा पट्टासुद्धा बांधला. त्यात बोझेनाचा काय दोष? मग हेदरचा काय होता? यॉर्कशरची पोर, नव्या घरात, नव्या माणसांत, कोणी काही म्हणालं तर ते तसंच आहे असं धरून चालणारी. उठून चहा करायला निघाली होती बिचारी. अट्रॅक्टाने पाव शतक तिला कावेबाज म्हणून मनात ठेवली, रांगेत उभं राहून तिच्या नवऱ्याचा हात हातात घेतला, तिचं नावसुद्धा घेतलं नाही. लाइनीवरून आणखी जरा पुढे गेल्यावर ती थांबली. एक पाय जमिनीवर टेकवला. वाऱ्यात स्वतःचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला: छे छे, नको. कशाला उगाच. हुबेहूब आई. आईने असं म्हणत म्हणत आयुष्यभर करपलेला पाव खाल्ला, आणि मरताना नर्सने पाणी विचारलं तेव्हाही हेच म्हणाली. अट्रॅक्टाला एकदम भीती वाटली, खरीखुरी.

तिने सायकल फिरवली. आणि वारा, जो दिवसभर छातीवर होता, तो पाठीत आला आणि असा ढकलू लागला, की तिला पायंडल मारावंच लागेना. वाक्य जुळवायला जरा वेळ मिळेल असं तिला वाटलं होतं. तो मिळाला नाही. ती फाटकावर आदळतच पोचली. जार्लथ खुर्चीत बसला होता, हात मांडीवर, समोर काही नाही.

"वारा फिरला वाटतं," तो म्हणाला.

अट्रॅक्टाने चष्मा काढला, शिरस्त्राण काढलं. केस घामाने डोक्याला चिकटले होते, नवा महागडा रंग वाया. "मला चहा हवाय, जार्लथ," ती म्हणाली. असं वाक्य तिने जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. ते तिला फार उघडं वाटलं, परकर दिसल्यासारखं.

तो उठला नाही. थर्मासकडे बघत म्हणाला, "गुडघे बाहेर काढून सायकल चालवतेस. डॅडींसारखी. तुला मघाशी वळणावरच ओळखलं होतं मी."

"ओळखलं होतंस? मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. चहा घेणार का म्हटलं."

"एकदाच!"

"एकदाच." त्याने मान हलवली. "ह्या जर्मनांनी सवय मोडली बघ माझी. पहिल्या वर्षी एका बाईला तीनदा विचारलं, तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, मी नाही म्हणाले ते तुम्हाला ऐकू आलं नाही का?" तो हसला, आणि हसू अर्ध्यावर राहिलं. "पण त्यासाठी नव्हे. तुला दुसऱ्यांदा विचारायचा धीर नाही झाला मला. खरं सांगतो. एकदा विचारण्यापुरताच होता. डॅडींनी जागा देऊ केली, तू नाही म्हणालीस. हेदरच्या वेळी जेवायला चल म्हटलं, नाही म्हणालीस. मला वाटलं, हिला इथलं काही नकोच आहे. माणसाने किती वेळा ऐकून घ्यायचं?"

अट्रॅक्टा फाटकाच्या ह्या बाजूला उभी, तो त्या बाजूला. कुत्रं उठून तिच्या बुटांचा वास घेऊन परत टेबलाखाली गेलं. "मला हवी होती ती जागा," ती म्हणाली.

"काय?"

"हवी होती. फार हवी होती रे."

जार्लथ तिच्याकडे बघतच राहिला. "मग तसं म्हणायचं की!"

"तसं म्हणतात का कधी?"

तो विचारात पडला. प्रामाणिकपणे विचारात पडला, कपाळाला आठ्या घालून, जसा लहानपणी गणितावर बसायचा. "नाही," तो शेवटी म्हणाला. "तसं नाही म्हणत." मग कुत्र्याकडे बघत, "हेदरने त्या रात्री मला विचारलं होतं. माझं काही चुकलं का? सगळे एकदम गप्प का झाले? मी म्हटलं, काही नाही, झोप." त्याने डोळे पुसले, उघडपणे, बाहीने. अट्रॅक्टाला त्या उंच बाईची अतोनात दया आली, आणि त्याची, आणि मग स्वतःचीही. इतकी वर्षं. कोणी कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. सगळे नुसते चांगले वागत होते.

त्याने थर्मास उघडला, कप पुढे ओढला. "घे, अजून गरम आहे."

"इथे नको," अट्रॅक्टा म्हणाली. "आत पिते."

"छे छे," जार्लथ म्हणाला, "आत कुठे? घराची पार रया गेलीय. बसायला जागा नाही."

"मी उभ्याने पिईन."

"नको गं, खरंच नको. हेदर गेल्यापासून आत कोणी आलेलं नाही. मी इथेच बसतो दिवसभर, इथेच बरं वाटतं. ऊन आहे छान." तो तिच्याकडे बघत नव्हता. कप विनाकारण पुसत होता. ह्या नकारात खोटं फार थोडं होतं, हे तिला कळलं. म्हणजे हा चहा, हे जर्मन, हा फोटोतला गोड म्हातारा, हे सगळं त्या घरात जायला नको म्हणून होतं. त्याला स्वतःलाच आत जायला नको होतं. खरा नकार आणि तोंडदेखला नकार ह्यांत फरक कसा ओळखायचा, हे आयुष्यभर आपल्याला येतं असं ती समजत आली होती, आणि आता, ह्या एका वेळी, तिला अजिबात सांगता येईना. आपण परत विचारलं आणि हा कमरेवर हात ठेवून उठला तर? ऐकू आलं नाही का, म्हणाला तर? वडिलांचं उघडलेलं तोंड तिच्या डोळ्यांसमोर आलं. मग तिने फाटकाची कडी काढली, सायकल आत घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"जार्लथ," ती म्हणाली, "मला आत यायचंय."

जार्लथने हातातला कप खाली ठेवला. मग थर्मासचं झाकण फिरवून घट्ट लावलं, दोन कप एका हातात उचलले, दुसऱ्या हाताने अंगणाचं दार लोटलं.

"चल मग," तो म्हणाला. "पण कुठेही बघायचं नाही."

ती सगळीकडे बघत आत गेली.